पिवळ्या जर्सीची चेन पडते तेव्हा

सायकल शर्यतींच्या जगात एक मत इतकं रूढ आहे की ते मांडणारा पुरावा देत नाही आणि ऐकणारा मागत नाही. मत असं : व्यावसायिक रोड सायकलिंग हा सभ्य माणसांचा उरलेला शेवटचा खेळ आहे. आघाडीवरचा स्पर्धक पडला, त्याची ट्यूब फुटली किंवा चेन पडली, तर बाकीचे थांबतात. कुणी लघवीला उतरला असेल तर ती संधी साधून पुढे पळत नाहीत. खाण्याच्या पिशव्या वाटल्या जातात तिथे वेग वाढवत नाहीत. पॅरिसच्या शेवटच्या टप्प्यात पिवळ्या जर्सीला, म्हणजे एकूण क्रमवारीत आघाडीवर असलेल्याला, कुणी हात लावत नाही. यातलं एकही कलम नियमपुस्तकात नाही, तरी शतकभर ते पाळलं जात आलंय. आणि जो मोडतो तो कितीही मोठा असला तरी लोकांच्या मनातून उतरतो. जुलै महिन्यात टूर द फ्रान्स बघणारा, आणि पहाटे सिंहगडाचा चढ संपवून चहाच्या टपरीवर त्यावर हुज्जत घालणारा आपल्याकडचा हौशी सायकलवालाही हे मत जसंच्या तसं उचलतो.

हा पूर्वपक्ष. त्याचा ठरलेला पुरावा म्हणजे 19 जुलै 2010 हा दिवस.

पिरेनीज पर्वतातला पोर्त द बालेस हा घाट. माथा जवळ आलेला. पिवळी जर्सी लक्झेंबर्गच्या अँडी श्लेकच्या अंगावर, आणि त्याच्यामागे अवघ्या 31 सेकंदांवर स्पेनचा आल्बेर्तो कोंतादोर. श्लेक सीटवरून उठला, जोर लावून पुढे सरकला, गिअर टाकला आणि त्याच क्षणी त्याच्या पायाखालचं ओझं नाहीसं झालं. चेन पडली होती. चढावर चेन पडली की सायकल आधी अडखळते आणि मग जागच्या जागी मरते. खाली उतरल्याशिवाय गत्यंतर नसतं. श्लेक उतरला, चेन बसवायची खटपट केली, पुन्हा बसला, पुन्हा अडकला. तोवर कोंतादोर, सामुएल सांचेझ आणि देनिस मेन्शोव निघून गेले होते. घाट उतरून बान्येर-द-लुशोंला पोचेपर्यंत 39 सेकंदांचं अंतर पडलं. पिवळी जर्सी 8 सेकंदांच्या फरकाने कोंतादोरकडे गेली. ती त्याला मंचावर चढवली जात असताना खालच्या गर्दीने त्याची हुर्यो उडवली. आपल्या पोटात राग मावत नाही आणि मी त्याच्या जागी असतो तर असं केलं नसतं, अशा अर्थाचं श्लेक शेवटच्या रेषेपाशी बोलला. त्याच रात्री कोंतादोरने व्हिडिओ करून माफी मागितली. पुढे पॅरिसला त्याने श्लेकला हरवलं ते बरोबर 39 सेकंदांनी. एवढा नेटका योगायोग हाती आल्यावर लोकांनी निकाल देऊन टाकला : कोंतादोरने टूर जिंकली नाही, चोरली. (पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात त्याचं ते विजेतेपद काढून श्लेकला देण्यात आलं. पण तो वेगळा खटला. त्यातला निकाल या खटल्यात पुरावा म्हणून चालणार नाही.)

हिशेबापासूनच सुरुवात करू. त्या वर्षीची टूर रॉटरडॅममध्ये 8.9 किलोमीटरच्या एकेकट्याच्या शर्यतीने सुरू झाली होती. तिथे श्लेक कोंतादोरच्या 42 सेकंद मागे पडला. सपाट रस्ता, शहरातली वळणं आणि चेन जागच्या जागी. पॅरिसचा 39 सेकंदांचा फरक चेनवर फोडायचा तर हे 42 सेकंद कुणाच्या खाती मांडायचे? तीन आठवड्यांच्या शर्यतीतून हवा तो तुकडा कापून त्यावर निकालाचं खापर फोडता येतं, आणि बहुतेकदा तो तुकडा कॅमेऱ्यासमोर घडलेलाच असतो.

पण हिशेबापेक्षा अडचणीचे आहेत ते त्याच टूरमधले आधीचे दोन दिवस. 5 जुलैला बेल्जियममधल्या स्पा गावाकडे जाताना स्टोकच्या निसरड्या उतारावर घोळक्यातले कितीतरी जण घसरून पडले. दोघे श्लेक बंधू पडले, कोंतादोर पडला, लान्स आर्मस्ट्राँगही पडला. पिवळी जर्सी तेव्हा फाबियान कान्चेलाराकडे होती, आणि कान्चेलारा श्लेक बंधूंच्याच सॅक्सो बँक संघात. तो पुढे आला, शर्यत-संचालकाच्या गाडीशी बोलला आणि घोळक्याचा वेग उतरवला. मिनिटांनी मागे पडलेले श्लेक बंधू परत येऊन मिळाले. पुढे सटकलेल्या सिल्व्हाँ शाव्हानेलने टप्पा आणि पिवळी जर्सी दोन्ही नेली. बाकी घोळका खांद्याला खांदा लावून, कुणीही जोर न लावता, रेषेवरून गेला. हिरव्या जर्सीचे गुण गमावलेला थोर हुशोव्द चिडला, पण त्याचं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी आरेनबेर्गचा टप्पा होता, दगडी फरसबंदीच्या पट्ट्यांवरून जाणारा. थोरला श्लेक, फ्रांक, पडला आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. त्याच्या मागे अडकलेल्यांत कोंतादोर होता. या खेपेला कान्चेलारा थांबला नाही. धाकट्या श्लेकला मागे घेऊन तो असा सुटला की कोंतादोरला 1 मिनिट 13 सेकंदांचा फटका बसला. जो माणूस स्पाला हात वर करून सगळ्यांना थोपवत होता, तोच चोवीस तासांनी आपल्याच संघातल्या माणसाला रस्त्यावर टाकून पुढचा पट्टा गाठत होता. दोन्ही दिवशी त्याच्या संघाचा नेता फायद्यात राहिला. आरेनबेर्गला त्याने केलं ते चूक होतं असं मी म्हणत नाही. शर्यत चालू होती आणि तो शर्यत करत होता. मात्र आरेनबेर्गचे 73 सेकंद चोख आणि पोर्त द बालेसचे 39 चोरीचे, असं म्हणणाऱ्याने दोन्हीकडे लागू पडेल असा एकच नियम दाखवावा. मला तो सापडलेला नाही.

आता 'शतकाच्या परंपरे'कडे वळू. ही परंपरा मुळात होती कुठे? 1904 च्या दुसऱ्याच टूरमध्ये एवढे गैरप्रकार झाले की पहिल्या चारही क्रमांकांना बाद करावं लागलं. 1913 मध्ये तूर्मालेच्या घाटात यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-काम्पां गावात आला, लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने फोर्क सांधला, आणि तोवर त्याचे प्रतिस्पर्धी कित्येक तास पुढे निघून गेले. कुणी थांबलं नाही. उलट भट्टीचा भाता ओढायला एका पोराची मदत घेतली म्हणून संयोजकांनी त्याच्यावर वर दंडाची मिनिटं चढवली. टूरचा जनक आंरी देग्रांज याला हवा होता तो एकट्याने, कुणाच्याही आधाराशिवाय झुंजणारा माणूस. थांबून वाट बघणाऱ्यांना त्याच्या शर्यतीत जागा नव्हती.

पुढच्या काळातही चित्र फारसं वेगळं नाही. 1987 ची टूर घ्या. फ्रान्सच्या जाँ-फ्रांस्वा बेर्नारने माँ व्हाँतूचा डोंगर घड्याळाविरुद्ध चढून पिवळी जर्सी मिळवली. दुसऱ्याच दिवशी व्हिलार-द-लांसच्या टप्प्यावर त्याची ट्यूब फुटली. तो मागून घोळका गाठत होता तोवर पुढे सिस्तेम-यू संघाने अरुंद रस्त्यावरच्या खाण्याच्या ठिकाणी वेग वाढवला. हा बेत आधीच ठरलेला होता. म्हणजे एकाच दिवशी दोन अलिखित कलमं मोडली गेली. पेद्रो देल्गादो टप्पा जिंकला, पिवळी जर्सी आयर्लंडच्या स्टीफन रोशकडे गेली, आणि शेवटी रोशने ती टूर 40 सेकंदांनी जिंकली. बेर्नारच्या अंगावर पिवळी जर्सी पुन्हा कधी आली नाही. रोशला मात्र कुणी चोर म्हणत नाही. त्याच वर्षी त्याने जिरो (इटलीची टूर) आणि जागतिक अजिंक्यपदही जिंकलं म्हणून त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. 1999 मध्ये भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या पासाज द ग्वाच्या शेवाळलेल्या रस्त्यावर घोळका कोसळला. आलेक्स झ्युलेने तिथे सहा मिनिटांहून जास्त वेळ गमावला, कारण पुढे सुटलेल्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पॅरिसला तो 7 मिनिटं 37 सेकंदांनी दुसरा आला. पुढे सुटलेल्यांत आर्मस्ट्राँग होता. हाच आर्मस्ट्राँग दोनच वर्षांनी खड्ड्यात गेलेल्या यान उलरिखसाठी पेरेसूर्दच्या उतारावर थांबला आणि सभ्यतेचा पुतळा ठरला. शेवटच्या टप्प्याचंही तेच. 1979 मध्ये योप झूतेमेल्क आणि बेर्नार इनो शाँझेलिझेवर दोघेच पुढे निघून आपसात झुंजले, 2005 मध्ये विनोकुरोव तिथे जिंकला आणि लेव्ही लायफायमरला मागे टाकून एकूण पाचवा झाला. हे सगळे अपवाद म्हणायचे तर नियमाच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

थांबायचं ते कुणासाठी, हाही प्रश्न आहेच. 2003 च्या टूरमध्ये 14 जुलैला गाप गावाकडे उतरताना उन्हाने वितळलेल्या डांबरावर होसेबा बेलोकीचं चाक घसरलं. तो एकूण क्रमवारीत दुसरा होता. मांडीचं हाड, कोपर, मनगट मोडून तो रस्त्यावर पडला. आर्मस्ट्राँग त्याला चुकवून शेतातून सायकल दामटत खालच्या रस्त्यावर उतरला आणि शर्यत पुढे गेली. बरोबर एका आठवड्याने लुझ आर्दिदेनच्या चढावर एका प्रेक्षकाच्या हातातल्या पिशवीत हँडल अडकून आर्मस्ट्राँग पडला. तेव्हा टायलर हॅमिल्टनने हातवारे करून सगळ्यांना आवरलं, उलरिख हळू झाला, आणि परत आलेल्या आर्मस्ट्राँगने लगेच हल्ला करून तो टप्पा जिंकला. कुणी म्हणेल, बेलोकी उठण्याच्या स्थितीतच नव्हता, थांबून काय साधलं असतं? मान्य. पण रोज या ना त्या वळणावर पडणारे, फाटक्या जर्सीने आणि सोललेल्या कोपरांनी घोळक्यामागे धावणारे जे बिनचेहऱ्याचे सायकलपटू असतात, त्यांच्यासाठी कोण थांबतं? जो आपल्या नेत्यासाठी पाण्याच्या बाटल्या वाहतो त्याची चेन पडली तर ती त्याची त्यानेच बसवायची. पोर्त द बालेसवर जी मोडली गेली असं सांगतात, ती जर्सीचा रंग पाहून दाखवली जाणारी सभ्यता आहे. तिला सरंजामी शिष्टाचार म्हणावं.

एवढं खंडन केल्यावर कुणालाही वाटेल की मी दुसऱ्या टोकाला जाऊन हे अलिखित नियम म्हणजे निव्वळ ढोंग असं म्हणणार. तसं नाही. ते खरे आहेत, आणि त्यांतले काही अत्यंत मोलाचे आहेत; फक्त त्यांचं मूळ लोक सांगतात तिथे नाही.

ते आहे वाऱ्यात. सायकलस्वाराची जवळजवळ सगळी ताकद सपाट रस्त्यावर हवा कापण्यात जाते, आणि दुसऱ्याच्या आडोशाला राहिलं की त्यातली बरीच वाचते. आइंडहोवेनच्या बर्ट ब्लॉकेन यांनी 2018 मध्ये 121 सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला असलेल्याला एकट्या स्वाराच्या तुलनेत फक्त 5 ते 10 टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो, असं त्यांना आढळलं. याचा अर्थ असा की या खेळात प्रतिस्पर्ध्याशिवाय कुणाचंच चालत नाही. ज्याला हरवायचं त्याच्याच पाठीमागे दिवसाचे पाच तास, एकवीस दिवस, वीतभर अंतरावर चाक ठेवून जायचं. तो अचानक ब्रेक मारणार नाही, खड्डा आला तर हाताने खूण करील, ओळ मोडणार नाही, हा विश्वास नसेल तर दुसऱ्या दिवशी शंभर माणसं रुग्णालयात असतील.

विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला सरकून जागा देतात ती काही दातृत्वातून नाही. रोज याच माणसांबरोबर याच डब्यातून जायचंय, आज तू उभा तर उद्या मी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेलोटॉनचा, म्हणजे या घोळक्याचा, कायदा त्याच जातीचा आहे : एकाच ठिकाणी, एकाच जोखमीत काम करणाऱ्या मजुरांनी आपसात ठरवलेली वहिवाट. घोळक्याला त्याचा मुकादमही असतो. कोप्पी होता, मर्क्स होता, इनो होता. 12 जुलै 1978 ला एका दिवसात दोन-दोन टप्पे आणि अपुरी झोप यांना कंटाळून सगळे सायकलपटू व्हालांस-दाजां गावात सायकली हातात धरून रेषेपर्यंत चालत आले. त्यांच्या पुढे उभा होता तेवीस वर्षांचा इनो. तो टप्पा रद्द झाला. कामगारांचा संप म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? 1995 मध्ये पोर्ते-दास्पेच्या उतारावर फाबियो कासार्तेल्ली पडून मेला. दुसऱ्या दिवशी पो गावापर्यंतचा सगळा टप्पा घोळका एकत्र, संथ गेला आणि रेषेपाशी त्याच्या मोटोरोला संघातल्या सोबत्यांना पुढे जाऊ दिलं. तिथे कुणाला नियमपुस्तक उघडावंसं वाटलं नाही.

2020 चा नीसचा पहिला टप्पाही याच रांगेतला. कोरोनामुळे ती टूर ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाली. कोरड्या दिवसांनंतर पाऊस पडला आणि रस्ता तेलकट साबणासारखा झाला. माणसांमागून माणसं घसरू लागली तेव्हा टोनी मार्टिनने घोळक्याच्या तोंडाशी येऊन दोन्ही हात पसरले. सगळे हळू झाले. फक्त अस्ताना संघाने ऐकलं नाही आणि उतारावर वेग वाढवला. लगेचच त्यांचाच नेता मिगेल आंखेल लोपेझ घसरत जाऊन रस्त्याकडेच्या फलकावर आदळला. सुदैवाने वाचला. मार्टिनच्या पसरलेल्या हातांना जी आज्ञा म्हणून किंमत मिळाली ती त्याच्या हुद्द्यामुळे नव्हती. त्याच्याकडे कुठलीच जर्सी नव्हती. त्याला जे दिसत होतं ते सगळ्यांनाच दिसत होतं.

तेव्हा माझा सिद्धांत एवढाच. घोळक्यातली जी वहिवाट माणसाचं शरीर राखते ती बंधनकारक, मग जर्सी कुणाचीही असो. ओल्या उतारावर सबुरी, खाण्यापिण्याच्या आणि शरीरधर्माच्या वेळी मोकळीक, रस्त्यात माणसं पडलेली असताना वाट निघेपर्यंत थांबणं, हे त्यात आलं. बाहेरच्याने केलेला घातपातही यातच येतो. 2012 मध्ये मूर द पेगेरच्या माथ्यावर कुणीतरी रस्त्यावर टाचण्या टाकल्या, केडेल इव्हान्ससह तीसेक जणांच्या ट्यूब फुटल्या, तेव्हा पिवळ्या जर्सीतल्या ब्रॅडली विगिन्सने घोळका थोपवला ते रास्तच होतं. पण जी वहिवाट केवळ पुढच्या माणसाचे सेकंद राखते, ती पाळणाऱ्याची मर्जी. पाळली तर भेट, नाही पाळली तर गुन्हा नाही.

भेटीला मी कमी लेखत नाही. 2022 च्या टूरमध्ये स्पांदेलच्या उतारावर तादेई पोगाचार खडीत घसरला आणि पिवळ्या जर्सीतला योनास विंगेगार पुढे जाऊन हळू झाला. मागून आलेल्या पोगाचारने हात पुढे केला, दोघांनी चालत्या सायकलींवर हात मिळवले. काही मिनिटांपूर्वी त्याच उतारावर विंगेगारचाही तोल जाता जाता राहिला होता. पाहताना बरं वाटतंच. 2025 मध्ये तुलूझच्या टप्प्यात शेवटी शेवटी पोगाचार पडला, विंगेगार आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबले. दुसऱ्या दिवशी ओताकामच्या चढावर पोगाचारने त्यांना दोन मिनिटांहून जास्त फरकाने मागे टाकलं. कुणी त्याला कृतघ्न म्हणालं नाही, कारण भेट परत मागायची नसते. पण न दिलेल्या भेटीबद्दल कोंतादोरला चोर ठरवलं की मग विंगेगारने दिलं ते देणं राहत नाही, करवसुली होते. सभ्यतेचे पाठीराखे आपल्या हाताने आपल्या नायकांचं श्रेय घालवतात ते असं.

पोर्त द बालेसला ही कसोटी लावली तर काय दिसतं? श्लेकचं शरीर धोक्यात नव्हतं. तो पडला नव्हता. हल्ला त्यानेच सुरू केला होता, आणि जोर लावलेला असताना गिअर टाकणं ही जोखीमही त्याचीच. सायकल नीट लावणं त्याच्या मेकॅनिकचं काम, गिअर केव्हा टाकायचा हे कळणं त्याचं; हे सगळं याच खेळाचं कसब आहे. शिवाय कोंतादोर थांबला असता तरी सांचेझ आणि मेन्शोव तिसऱ्या क्रमांकासाठी एकमेकांशी भांडत होते, त्यांना थांबण्याचं काहीच कारण नव्हतं. तेव्हा माझ्या मते कोंतादोरने त्या दिवशी केलेली चूक एकच : रात्री माफी मागितली.

शरीर राखणारी वहिवाट आणि जर्सी राखणारी वहिवाट यांत फरक करायची निकड एवढ्यासाठी आहे की वहिवाट दुधारी असते. चौथ्या सीटवर जागा देणारी विरार लोकलच बोरिवलीला उतरणाऱ्याला दारात अडवते. पेलोटॉनचंही असंच. उत्तेजक द्रव्यांच्या आरोपातल्या डॉक्टर मिकेले फेरारीविरुद्ध फिलिप्पो सिमेओनी या इटालियन सायकलपटूने साक्ष दिली होती. 23 जुलै 2004 ला तो एका बिनधोक पळत्या गटात सामील व्हायला निघाला. क्रमवारीत तो शंभराच्या पलीकडे, कुणालाच त्याच्यापासून धोका नाही. तरी पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला, आणि तो परत फिरेपर्यंत हटला नाही. गटातल्या इतरांनी सिमेओनीलाच विनवलं, बाबा, तू माघारी जा, म्हणजे आम्हाला सोडतील. तो माघारी आला तेव्हा घोळक्यातल्या काहींनी त्याला शिव्या घातल्या, आणि आर्मस्ट्राँगने कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. तोंड बंद. हाही अलिखित नियमच होता, आणि थांबण्याच्या नियमापेक्षा कितीतरी काटेकोरपणे पाळला जात होता. 'घोळक्याची परंपरा' म्हणून जे जे येतं त्यापुढे मान तुकवायची असेल तर सिमेओनीला दोषी ठरवावं लागेल. 2012 मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. सिमेओनीचा तो दिवस काही कुणी परत दिला नाही.

मग सगळं लिहूनच का काढू नये? हा आक्षेप क्रिकेटवाल्यांना जवळचा. विनू मांकडांनी 1947 मध्ये सिडनीला चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून निघालेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. नियमात ते बसत होतं, ब्राउनला याच दौऱ्यात आधी एकदा तसंच बाद केलं होतं, खुद्द ब्रॅडमनने मांकडांची बाजू घेतली; तरी पाऊण शतक त्यांचं नाव एका कुप्रसिद्ध कृत्याला चिकटून राहिलं. 2022 मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने ते कलम 'अनुचित खेळ'मधून उचलून साध्या धावबादच्या कलमात टाकलं तेव्हा कुठे कागदावर तरी हिशेब मिटला. म्हणजे लिहिण्याचा उपयोग होतो. सायकलिंगमध्येही झालाय. शेवटच्या 3 किलोमीटरांत पडलेल्याला त्याच्या गटाचीच वेळ देण्याचा नियम, 2016 पासूनचा वाईट हवामानाविषयीचा नियम, हे दोन्ही जुन्या वहिवाटीच शाईत उतरवल्यासारखे आहेत, आणि दोन्ही शरीर राखणारे. पण शाईला मर्यादा आहेत. 2015 च्या जिरोत फोर्लीच्या टप्प्यावर रिची पोर्टची ट्यूब फुटली, शेवट अगदी जवळ आलेला. दुसऱ्या संघातला पण त्याच्याच देशाचा सायमन क्लार्क थांबला आणि स्वतःच्या सायकलचं पुढचं चाक काढून त्याला दिलं. पोर्टने 47 सेकंद गमावले होतेच. त्या चाकाचा फोटो जगभर फिरला, लोक वाहवा करत होते, तोच निर्णय आला : प्रतिस्पर्धी संघाकडून मदत घेणं-देणं निषिद्ध, दोघांनाही 2 मिनिटांची शिक्षा आणि दंड. नियम वेडगळ नाही. तो नसता तर श्रीमंत संघांनी अर्धा घोळका विकत घेतला असता. तरी त्या दिवशी त्याने क्लार्कची दिलदारी आणि विकत घेतलेली मदत एकाच तराजूत तोलली, कारण नियमाला हेतू दिसत नाही, चाक दिसतं.

उरतो एक प्रश्न. सेकंद राखणारी वहिवाट बंधनकारक नाही असं म्हटलं, आणि शरीर राखणारी सगळीच काही कागदावर येत नाही, तर मग तिची राखण करायची कुणी? प्रेक्षकांच्या हुर्योने? टीव्हीवरच्या निरूपणकारांनी? घोळक्याने ती कधी बाहेरच्यांवर सोपवलेली नाही. 1957 च्या जिरोत आघाडीची गुलाबी जर्सी लक्झेंबर्गच्या शार्ली गोलकडे होती. मोंते बोन्दोनेच्या टप्प्यावर तो लघवीला थांबला असताना सलग तीन टूर जिंकलेला लुईझों बोबे आणि इटलीचा गास्तोने नेन्चिनी यांनी वेग वाढवला. गोलने मिनिटांमागून मिनिटं गमावली, जर्सी गेली, आणि 'मस्यो पिपी' हे नाव जन्मभर मागे लागलं. तक्रार करायला तो कुठे गेला नाही. उरलेल्या शर्यतीत त्याने आपली सगळी ताकद नेन्चिनीच्या दिमतीला लावली, त्याला आडोसा देत, ओढत नेलं, आणि नेन्चिनीने तो जिरो बोबेपेक्षा 19 सेकंदांनी जिंकला. पळाले होते दोघेही. शिक्षा एकालाच झाली, दुसऱ्याला बक्षीस मिळालं, कारण गोलचा राग बोबेवर जास्त होता.